दिल्लीतलं रस्ते मंत्रालय काय करतं, आणि फाट्यावरचा खड्डा नेमका कुणाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावाच्या फाट्यावर हायवेच्या कडेला मोठा खड्डा, मामा रात्री मोटरसायकलवरून येताना त्यात पडले, पाय मोडला. भाचा ग्रामपंचायतीत गेला तर म्हणाले रस्ता बांधकाम खात्याचा, बांधकाम खात्यात गेला तर म्हणाले तो आता सेंट्रलला गेला, एनएचएआयच्या, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या ऑफिसात गेला तर म्हणाले हा तुकडा आमच्याकडे नाही. मग त्याचं म्हणणं, दिल्लीत एवढं मोठं मंत्रालय आहे ते नक्की करतं काय?

आधी मामांचा पाय लवकर बरा होऊ दे. आणि उत्तर लांब होणार आहे, कारण मी ३१ वर्षं याच कामात काढली. १९९२ साली सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागात ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागले, शेवटची काही वर्षं कन्सल्टंटकडून हायवेच्या कामांवर देखरेख केली. म्हणजे तुमच्यासारख्यांचे अर्ज घेणाऱ्या खुर्चीतही बसले आणि अर्ज घेऊन दुसऱ्याच्या दारात उभी पण राहिले. तुमची जी टोलवाटोलवी झाली ना, त्यातला प्रत्येक माणूस बहुतेक खरंच बोलत होता, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागतं.

पहिलं म्हणजे आपल्याकडे सगळ्या वाहतुकीचं मिळून एक मंत्रालय नाहीये. १९४२ साली इंग्रजांनी दळणवळण खातं फोडून युद्ध वाहतूक खातं काढलं, तिथून नावं बदलत, कधी जहाजं जोडत कधी तोडत २००९ पासून रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालय हे वेगळं झालं. रेल्वे वेगळी, विमानं वेगळी, बंदरं वेगळी, मेट्रो केंद्राच्या शहरी विकास खात्याकडे, पंतप्रधान ग्रामसडकचा रस्ता ग्रामविकासकडे, सीमेवरचे रस्ते करणारी बीआरओ संरक्षण खात्याकडे. तुम्ही गावातून ग्रामसडकने हायवेला आलात, हायवेने स्टेशन गाठलं, लोकल धरली, पुढे मेट्रो, तर एका दिवसात दिल्लीतल्या चार मंत्रालयांच्या हद्दीतून गेलात, आणि मधे एसटी धरली असेल तर ती राज्याची.

आता या मंत्रालयाच्या नावातच दोन कामं आहेत. 'रस्ते वाहतूक' म्हणजे गाड्या, लायसन्स, परमिट, दंड, गाडीत एअरबॅग किती, धूर किती. 'महामार्ग' म्हणजे प्रत्यक्ष रस्ता आणि पूल. दिल्लीत संसद मार्गावर परिवहन भवन आहे तिथे या दोन्ही बाजूंची माणसं बसतात, पण एकीकडे कायद्याचे आणि प्रशासनाचे लोक, दुसरीकडे इंजिनिअर. साइटवर आम्ही कुणी मंत्रालय म्हणत नाही, त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून मॉर्थ म्हणतो. 'मॉर्थचं सर्क्युलर आलंय', 'मॉर्थप्रमाणे कर'. हे 'मॉर्थप्रमाणे' म्हणजे काय ते पुढे सांगते, कारण मंत्रालयाचं खरं काम त्या एका शब्दात आहे.

या सगळ्याच्या मुळाशी आपला एक मराठी माणूस आहे आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं म्हणून सांगते. १९२७ साली सरकारने रस्त्यांसाठी समिती नेमली, अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. तेच जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, ज्यांच्या नावाची लायब्ररी तिथे आहे. त्यांच्या समितीने सांगितलं की मोटारी वाढल्यात, रस्ते आता लोकल बोर्डांच्या आणि प्रांतांच्या कुवतीबाहेर गेलेत, केंद्राने यात पडलं पाहिजे, आणि पेट्रोलवर जादा कर लावून तो पैसा रस्त्यांसाठी बाजूला ठेवला पाहिजे. त्यातून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे आमची आयआरसी. तुम्ही आज पेट्रोल-डिझेलवर जो रस्ते सेस भरता त्याचं मूळ तिथे आहे. मग १९४३ साली नागपुरात देशभरच्या चीफ इंजिनिअरांची परिषद झाली, तिथे रस्त्यांच्या पायऱ्या ठरल्या: राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते. ८० वर्षं होऊन गेली तरी आपण त्याच पायऱ्यांवर आहोत, आणि तुमचा खड्डा यातल्याच दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत पडलेला असणार असा माझा अंदाज आहे.

घटनेत वाटणी अशी आहे. जो रस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणून जाहीर झाला तो केंद्राच्या यादीत. बाकी सगळे रस्ते राज्याच्या यादीत. मोटारगाड्यांचा विषय मात्र समवर्ती यादीत, म्हणजे दोघांचा. त्यामुळे मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि नियम १९८९ चे केंद्राचे, पण आरटीओ राज्याचा, ट्रॅफिक पोलीस राज्याचे, गाडीवरचा टॅक्स राज्याचा. २०१९ ला दंड वाढवणारी दुरुस्ती दिल्लीने केली, १ सप्टेंबरपासून लागू म्हणाले, पण महाराष्ट्रात ते वाढीव दंड प्रत्यक्ष सुरू झाले डिसेंबर २०२१ मध्ये, कारण तडजोडीची रक्कम, म्हणजे कोर्टात न जाता भरायचा दंड, राज्य ठरवतं. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं पण तेच, नियम केंद्राचा, जुन्या गाड्यांना बसवून घ्यायचं काम आणि मुदत राज्याची. लोक चिडून म्हणतात एक सांगतो एक, दुसरा करतो दुसरंच. पण घटनेत वाटणीच तशी आहे, आणि मला विचाराल तर गाड्यांच्या बाबतीत ती बरीच चांगली चालते. वाहन आणि सारथी ही दोन कॉम्प्युटर सिस्टिम केंद्राने केल्या आणि आज कोल्हापूरची गाडी इंदूरच्या पोलिसाला मोबाईलवर दिसते, हे मी नोकरीला लागले तेव्हा स्वप्नातसुद्धा नव्हतं.

रस्त्याच्या बाबतीत मात्र गुंता आहे, तो नीट समजून घ्या.

मंत्रालय स्वतः रस्ता बांधत नाही. तो रस्ता जाहीर करतं, पैसे मंजूर करतं, जमीन घ्यायचा अधिकार देतं, कसा बांधायचा ते लिहून देतं, आणि काम चौघांपैकी एकाच्या हातात देतं: एनएचएआय, डोंगराळ आणि सीमाभागात एनएचआयडीसीएल ही केंद्राची कंपनी, बीआरओ, किंवा राज्याच्या बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग. शेवटचा जो आहे तिथे मी होते. पगार महाराष्ट्र सरकारचा, साहेब महाराष्ट्राचे, पण रस्ता दिल्लीचा आणि प्रत्येक एस्टिमेट मंत्रालयाच्या रिजनल ऑफिसातून पास व्हायचं. मुंबई-गोवा रस्ता घ्या, पूर्वीचा १७ नंबर आता ६६. पनवेल ते इंदापूर एनएचएआयकडे, इंदापूरच्या पुढे राज्याच्या महामार्ग विभागाकडे. गणपतीला कोकणात जाणाऱ्या माणसाला एकच रस्ता दिसतो, फायलीत तो दोन वेगवेगळ्या ऑफिसांचा असतो. आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी हे तर केंद्राचे नाहीतच, राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचे, म्हणजे एमएसआरडीसीचे आहेत. म्हणून १५ ऑगस्ट २०२५ पासून जो ३००० रुपयांचा फास्टॅगचा वार्षिक पास आला तो तिथे चालत नाही. मला किती नातेवाईकांनी फोन करून विचारलं असेल.

देशातल्या साधारण ६३ लाख किलोमीटर रस्त्यांपैकी राष्ट्रीय महामार्ग दीड लाखाच्या आतबाहेर, म्हणजे दोन-सव्वादोन टक्के. त्यातले साधारण १८ हजार किलोमीटर महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. ऐकायला छान वाटतं, पण एवढे वाढले कसे? बऱ्याच ठिकाणी नवीन रस्ता झाला नाही, असलेल्या राज्य मार्गालाच राष्ट्रीय नंबर मिळाला. आणि त्याआधी एक भानगड होती ती म्हणजे 'तत्त्वतः मान्यता'. २०१५-१६ च्या आसपास आपल्याकडचे ढीगभर राज्य मार्ग तत्त्वतः राष्ट्रीय महामार्ग म्हणून जाहीर झाले. तत्त्वतः म्हणजे काय, तर डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल होईल, वाहतूक मोजली जाईल, मग पटलं तर राजपत्रात नोटिफिकेशन निघेल. तोपर्यंत? केंद्र म्हणतं नोटिफिकेशन नाही, आम्ही एक रुपया टाकू शकत नाही. राज्य म्हणतं हा आता केंद्राकडे चाललाय, आम्ही कशाला टाकू. मी स्वतः अशा एका रस्त्यावर सलग तीन पावसाळे फक्त मुरूम टाकून खड्डे भरून घेतले, कारण डांबराचं एस्टिमेट कुठल्या हेडमधून, म्हणजे कुणाच्या बजेटमधून करायचं हेच ठरत नव्हतं. मुरूम पहिल्या मोठ्या पावसात वाहून जातो हे मला माहीत होतं, माझ्या साहेबांना माहीत होतं, टाकणाऱ्या मुकादमालाही माहीत होतं. त्या रस्त्यावरून रोज दवाखान्यात जाणाऱ्या बायकांच्या तोंडाकडे बघायची लाज वाटायची.

दुसरा प्रकार बायपासचा. हायवेला गावाबाहेरून बायपास झाला की गावातला जुना तुकडा राष्ट्रीय राहत नाही, तो एकदा चांगला दुरुस्त करून राज्याला किंवा नगरपालिकेला द्यायचा असा नियम आहे. पण दुरुस्ती होईपर्यंत ते घेत नाहीत आणि हस्तांतराचं पत्र झालं नाही म्हणून दुरुस्ती पुढे ढकलली जाते. तुमच्याकडे बायपास झालाय का ते लिहिलेलं नाही, पण बांधकाम खातं म्हणतं सेंट्रलला गेला आणि एनएचएआय म्हणतं आमच्याकडे नाही, म्हणजे यापैकीच काहीतरी आहे किंवा मग तो तुकडा महामार्ग विभागाकडे आहे. जिल्ह्याचं नेहमीचं बांधकाम ऑफिस आणि महामार्ग विभाग ही दोन ऑफिसं वेगळी, बऱ्याचदा वेगळ्या शहरात असतात, आणि साधं ऑफिस तुम्हाला ते सांगायचे कष्ट घेत नाही.

तिसरा घोळ बोर्डाचा. रस्त्याच्या कडेला 'केंद्रीय मार्ग निधी अंतर्गत' असा बोर्ड दिसला की लोक म्हणतात हा केंद्राचा रस्ता. तसं नाहीये. सेसमधला काही हिस्सा केंद्र राज्यांना त्यांच्या रस्त्यांसाठी देतं, आम्ही त्याला सीआरएफची कामं म्हणतो, पैसा दिल्लीचा पण रस्ता राज्याचाच राहतो आणि खड्डापण राज्याचाच.

आता 'मॉर्थप्रमाणे' म्हणजे काय. मंत्रालयाचं एक जाडजूड पुस्तक आहे, रस्ते आणि पुलांच्या कामाची स्पेसिफिकेशन्स, पाचवी आवृत्ती २०१३ ची, केशरी कव्हरचं म्हणून सगळे ऑरेंज बुक म्हणतात. माती किती दाबायची, खडी कुठल्या मापाची, सळईला गंज किती चालेल, सगळं त्यात. एक रात्र सांगते. मे महिना संपत आलेला, वळवाचं वातावरण, कॉन्ट्रॅक्टरला पावसाच्या आधी डीबीएमचा, म्हणजे डांबर-खडीचा खालचा जाड थर संपवायची घाई. रात्री ११ च्या सुमारास डंपर आला, ताडपत्री काढली तर वाफ जेमतेम. मी थर्मामीटर मालात खुपसला, काटा ११८ वर थांबला. बाजूला सरकून परत खुपसला, १२१. त्या ग्रेडच्या डांबराचा माल पसरताना किमान १४० डिग्री पाहिजे, नाहीतर रोलर कितीही फिरवा तो दबत नाही, आत पोकळ्या राहतात, पाणी शिरतं आणि दिवाळीपर्यंत खड्डा. कॉन्ट्रॅक्टरचा इंजिनिअर, चांगला पोरगा होता, म्हणाला मॅडम प्लांट ६० किलोमीटरवर आहे, घाटात ट्रॅफिक होतं, या एका गाडीने काय होतंय. त्याच्या मागे १२ माणसं पेव्हरभोवती, म्हणजे माल पसरायच्या मशीनभोवती उभी. मी म्हटलं गाडी परत जाईल. सकाळी मला दोन फोन आले, एक समजावणीचा, एक जरा वरच्या आवाजात. मी दोघांना एकच सांगितलं, पुस्तकात १४० लिहिलंय, तुम्ही लेखी द्या ११८ चालेल, मी टाकून घेते. लेखी कुणी दिलं नाही.

मंत्रालय काय करतं, तर ते १४० लिहितं. परिवहन भवनातल्या कुणीतरी, आयआरसीच्या कमिटीत बसून, कित्येक वर्षांच्या प्रयोगावरून तो आकडा ठरवला आणि छापला, म्हणून रात्री ११ ला आडरानात एकट्या असलेल्या इंजिनिअर बाईला डंपर परत पाठवता आला. तो आकडा नसता तर माझं मत आणि त्याचं मत, आणि त्याच्या मागे १२ माणसं. त्यामुळे मंत्रालय काहीच करत नाही असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही.

पण आकडा चुकीचा लिहिला तर तोही तितक्याच जोरात खाली येतो. याचं उदाहरण म्हणजे ब्लॅक स्पॉट. मंत्रालयाची व्याख्या अशी: सुमारे ५०० मीटरच्या तुकड्यात गेल्या तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. एवढं झालं की ती जागा यादीत येते, मग तिथे पैसे खर्च करता येतात. म्हणजे आधी माणसं जायला पाहिजेत.

चौपदरी केलेल्या एका हायवेवर माझ्याकडे असाच एक फाटा होता, नाव सांगत नाही. रस्त्याच्या अलीकडे गाव, पलीकडे त्यांची शेतं आणि हायस्कूल. चौपदरीकरण झालं तेव्हा अंडरपास दिला दीड किलोमीटरवर, कारण तिथे ओढ्याची पातळी सोयीची होती. बैल घेऊन, डोक्यावर गवताचा भारा घेऊन, माणूस जाऊन-येऊन तीन किलोमीटर वळसा घेईल का? गावकऱ्यांनी मधला डिव्हायडर फोडला. आम्ही बंद केला, त्यांनी परत फोडला. अपघात व्हायला लागले. मी यादीत टाकायचा प्रस्ताव पाठवला तर उत्तर आलं, पोलीस रेकॉर्डप्रमाणे अपघातांची संख्या बसत नाही.

मग मी पोलीस स्टेशनला जाऊन बसले. तिथल्या हवालदारांनी मला तीन वर्षांच्या फिर्यादी काढून दिल्या, चहा पाजला, स्वतः बरोबर बसले. फिर्यादीत जागा कशी लिहिलेली? 'फाट्याजवळ', 'धाब्यासमोर', 'पुलाच्या पुढे'. आता आमचं सगळं चेनेजवर चालतं, म्हणजे किलोमीटर आणि मीटर, आणि त्या पट्ट्यात धाबे चार, फाटे तीन. आम्ही दोघं मोजायचं चाक घेऊन भर उन्हात तो पट्टा चाललो. ते एकेका जागी थांबून सांगायचे, इथे ती दोन पोरं, इथे म्हातारबाबा, हा टेम्पो इथून घसरत तिथपर्यंत गेला होता. एका ठिकाणी साइडपट्टीच्या मुरमात अजून काचेचा चुरा चमकत होता आणि शाळेच्या बुटाचा एक तळवा पडलेला. मी प्रत्येक जागेचा चेनेज लिहून घेतला. मोजून झाल्यावर त्या ५०० मीटरमध्ये ७ अपघात निघाले, जे कागदावर तीन वेगवेगळ्या जागी वाटले गेले होते.

जागा यादीत आली. लगेचचे उपाय म्हणून रंबलर, ब्लिंकर, बोर्ड, रस्त्यावरचे पट्टे, हे दोन महिन्यांत झालं. कायमचा उपाय अंडरपास, त्याचं डिझाईन, जमीन, एस्टिमेट, रिजनल ऑफिस, दिल्ली, टेंडर, असं होऊन तो उभा राहायला जवळजवळ पाच वर्षं लागली. त्या पाच वर्षांत अजून दोघं गेले. ते हवालदार आता रिटायर झालेत, दिवाळीला अजून फोन करतात आणि अजून त्या फाट्याबद्दल बोलतो आम्ही.

आता यात सुधारणा झालीय हेपण सांगितलं पाहिजे. मंत्रालयाने अपघातांची एकच नोंदप्रणाली आणली, आयआयटी मद्रास आणि सरकारची कॉम्प्युटर संस्था एनआयसी यांनी केलेली, तिच्या पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पोलीस जागेवरूनच मोबाईलवर नोंद करतो, अक्षांश-रेखांश आपोआप पडतात. माझं ते उन्हातलं चालणं आता कुणाला करावं लागू नये. तसंच सावित्रीचं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात गेला, एसटीच्या दोन बस आणि इतर गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. त्यानंतर नवा पूल सहा महिन्यांच्या आत बांधून २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला. आणि पूल पडल्यावर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, मंत्रालयाने देशातल्या पुलांची नोंद आणि तपासणीची यंत्रणा सुरू केली, प्रत्येक पुलाला नंबर, प्रत्येकाची प्रकृती लिहून ठेवायची. माझं म्हणणं एवढंच, की जुने पूल तपासायला लागतात हे कळायला सावित्री व्हायला नको होती, आणि नवा पूल इतका झटपट होऊ शकतो हे आम्हा सगळ्यांना त्या पुलाने दाखवलं, मग बाकीच्या कामांना पाच-पाच वर्षं का?

मला वाटतं याचं कारण मंत्रालय स्वतःला कशाने मोजतं त्यात आहे. गेली कित्येक वर्षं मोठा आकडा एकच, दिवसाला किती किलोमीटर. २०२०-२१ मध्ये १३,३२७ किलोमीटर बांधले, दिवसाला साडेछत्तीस, आणि ते सोपं काम नव्हतं, कोविडच्या वर्षात झालं, मला त्याचा अभिमान आहे. पण दुसरा आकडा बघा. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ६१,०३८ राष्ट्रीय महामार्गांवर. दोन-सव्वादोन टक्के रस्त्यांवर ३६ टक्के मृत्यू. वाहतूक तिथे जास्त आहे हे मान्य, वेग जास्त आहे हे मान्य, तरीही. २०२५-२६ च्या बजेटमध्ये या मंत्रालयाला सुमारे २.८७ लाख कोटी रुपये मिळाले, त्यातला मोठा भाग एनएचएआयला, नव्या बांधकामाला. असलेल्या रस्त्याची डागडुजी त्यात पार शेवटच्या पंगतीला. मीटिंगमध्ये विचारतात किती किलोमीटर झाले, किती खड्डे किती दिवसांत बुजले हे मला माझ्या सगळ्या नोकरीत मीटिंगमध्ये पहिला प्रश्न म्हणून कधी विचारलं गेलं नाही. ज्या दिवशी रिव्ह्यू मीटिंगचा पहिला प्रश्न 'या महिन्यात तुमच्या पट्ट्यात कोण गेलं आणि का' असा होईल त्या दिवशी खालची सगळी ऑफिसं आपोआप हलतील, कारण आम्ही इंजिनिअर वरून जे मोजलं जातं तेच आधी करतो.

कायद्यात हत्यार आहे. २०१९ च्या दुरुस्तीत १९८ए कलम आलं, रस्त्याच्या सदोष डिझाईनमुळे, बांधकामामुळे किंवा देखभालीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणा, कॉन्ट्रॅक्टर, कन्सल्टंट यांना १ लाखापर्यंत दंड. माझ्या पाहण्यात हे कलम लावलेली एकही फिर्याद आली नाही. पोलीस ठाण्यात अजूनही ठरलेला कॉलम 'भरधाव व निष्काळजीपणे चालवून' हाच. मामांच्या बाबतीतही स्वतःच घसरून पडले असं लिहिलं असेल, ते एकदा बघून घ्या.

तुम्ही आता काय करायचं ते सांगते.

खड्ड्याजवळचा किलोमीटरचा दगड शोधा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग. दगडावरचा नंबर आणि खड्डा एकाच फोटोत येईल असा फोटो काढा, आणि मोबाईलवरचं लोकेशन सेव्ह करा. अर्जात 'फाट्याजवळ' लिहू नका, रस्त्याचा नंबर आणि किलोमीटर लिहा, एवढ्या एका गोष्टीने तुमचा अर्ज बाकी शंभर अर्जांच्या वर येतो. पिवळा दगड असेल आणि टोल लागत असेल तर १०३३ ला फोन करून तक्रार नंबर घ्या. पिवळा दगड आहे पण एनएचएआय नाही म्हणतंय, तर राज्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला अर्ज द्या, प्रत मंत्रालयाच्या मुंबईच्या रिजनल ऑफिसरला. त्या अर्जात खड्डा बुजवा हे एक वाक्य आणि दुसरं वाक्य असं: 'सदर किलोमीटरची देखभाल आज रोजी कोणत्या कार्यालयाकडे आहे ते लेखी कळवावे.' नाही कळवलं तर हाच प्रश्न माहिती अधिकारात दोन्ही ऑफिसांना टाका, एकाच दिवशी. दोघांनाही 'आमच्याकडे नाही' असं लेखी देणं फार जड जातं. आणि काम कॉन्ट्रॅक्टरच्या दोषदायित्वाच्या मुदतीत आहे का तेही विचारा, मुदत चालू असेल तर खड्डा त्याने त्याच्या पैशाने बुजवायचा असतो.

पैशाचं. अनोळखी गाडीने उडवलं असतं तर हिट अँड रनची भरपाई होती, १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार, अर्ज प्रांत किंवा तहसील ऑफिसला. मामांचं ते नाही. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने खड्ड्यामुळे झालेल्या अपघाताला भरपाई द्यायची असा आदेश दिलाय, मृत्यूला ६ लाख, दुखापतीला तिच्या प्रमाणात ५० हजार ते अडीच लाख. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा, कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, नियमात बसत असाल तर वकिलाची फी लागत नाही. दवाखान्याची पहिल्या दिवसाची कागदपत्रं, पोलिसांची नोंद आणि तो दगडाचा फोटो, हे तीन जवळ ठेवा.

आणि घरात सगळ्यांना एक सांगून ठेवा, मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे, कुठल्याही रस्त्यावर मोटारगाडीचा अपघात झाला तर ठरवून दिलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा उपचार कॅशलेस. दवाखाने आपणहून सांगत नाहीत, तुम्ही नाव घेऊन मागायचं, आणि ११२ ला फोन करून पोलीस नोंद लगेच करून घ्यायची, कारण मंजुरी त्या नोंदीवरच येते.

दगडाचा रंग आणि नंबर मला कळवा, मग कुठलं ऑफिस ते मी नेमकं सांगते, अर्जाचा मसुदापण बघून देते. पावसाळा तोंडावर आलाय, हा आठवडा सोडू नका.